मदत हवी आहे: टोकियोत सुमो बघायचाय, सोबत गुडघे गेलेले पैलवान वडील

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सुट्टीत जपानला जायचं ठरतंय. मेहुणा योकोहामाला असतो, राहायची सोय त्याच्याकडेच. आम्ही पाच जण: आबा, आई, मी, बायको आणि सातवीतली मुलगी. बाकी फिरण्याबद्दल इथं भरपूर वाचलंय, ते विचारत नाही. माझा प्रश्न फक्त सुमोचा आहे, कारण आबांनी तेवढी एकच अट घातलीय. "सुमो दावणार असशील तर येतो. न्हाईतर तुम्ही जावा, मी म्हशींकडं बघतो."

आबा तरुणपणी गंगावेस तालमीत होते, खासबागेत कुस्त्या केल्यात. आता दोन्ही गुडघे गेलेत. मांडी घालता येत नाही, जेवायलासुद्धा खुर्ची लागते. पण रात्री जेवण झालं की मोबाईलवर सुमो सुरू, आवाज फुल्ल. "नुसतं मीठच उडवायलेत, भिडणार कवा?" म्हणून आधी चिडतात. मग भिडले की चार सेकंदांत निकाल, त्यावर परत चिडतात. मग अंगठ्यानं व्हिडिओ मागं ओढून तीच कुस्ती पुन्हा बघतात आणि आम्हाला दाखवतात, "हे बघ, कंबरपट्ट्याला हात कुठनं घातलाय."

अडचण अशी की रिंगणाजवळच्या जागा सगळ्या जमिनीवर बसायच्या आहेत, चार जणांचा एक चौकोन आणि चार उशा. खुर्च्या वरच्या मजल्यावर. आबा म्हणतात, "वरनं बघायचं तर घरात काय वाईट बघतोय?" त्यांना माती जवळून बघायचीय. आणि आम्ही पाच, चौकोन चौघांचा!

शिवाय: तिकिटं इथून कशी काढायची? दिवसभर बसायचं की दुपारून जायचं? आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलगी गेल्या वर्षापासून मॅटवर कुस्ती शिकतेय, तिचे प्रश्न वेगळेच असतात. कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर सविस्तर सांगा. ट्रॅव्हल कंपनीची पॅकेजेस सुचवू नका प्लीज.

पूर्वेचा_वारा:
टोकियोत राहतो, आईबाबांना घेऊन गेलोय, म्हणून लिहितो.

मे महिना बरोबर धरलात. वर्षात सहा स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. टोकियोत जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका. टोकियोतली जागा ऱ्योगोकू कोकुगिकान, सुमारे ११,००० माणसं बसतात. तिकीटविक्री साधारण महिनाभर आधी अधिकृत साइटवर सुरू होते, इंग्रजी पान आहे. जपानचे सकाळचे दहा म्हणजे तुमचे साडेसहा, तेव्हा त्या दिवशी लवकर उठा. शनिवार-रविवार बघता बघता संपतात. मधला मंगळवार-बुधवार धरा. अधिकृत साइटवर नाही मिळालं तरच मध्यस्थांकडे वळा, ते दामदुप्पट घेतात.

आता जागा. चौकोनाचा विचार सोडा. दीड मीटरही चौरस नाही तो, आणि त्यात चार मोठी माणसं पाय दुमडून तासन्‌तास. माझे बाबा धडधाकट, तरी तासाभरात भिंत शोधायला लागले. चौकोन अख्खाच विकतात आणि पाचवा माणूस त्यात घालता येत नाही. त्याच्याही पुढे, अगदी कडेला, एकेकट्या उशा असतात. तिथे खाणंपिणं बंद, आणि दीडशे किलोचा पैलवान अंगावर येऊन पडू शकतो. आबांना कदाचित तेच हवं असेल, पण गुडघ्यांचं काय?

वरच्या मजल्यावरच्या पुढच्या रांगेतल्या पाच खुर्च्या घ्या. रिंगण उंच ओट्यावर असतं आणि त्याचा व्यास ४.५५ मीटर, त्यामुळे वरून सगळं स्वच्छ दिसतं. पाय कुठे टाकला, कडेच्या दोरावर टाच गेली का, हे खालच्यापेक्षा वरूनच चांगलं कळतं. एक दुर्बीण न्या.

वेळेबद्दल: सकाळी साडेआठच्या आसपास नवशिक्या पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, तेव्हा सभागृह जवळजवळ रिकामं असतं. खरी गर्दी दुपारी अडीचनंतर. चारच्या आधी वरच्या गटाचे (क्रमवारीत वरचे) पैलवान ओळीने रिंगणात येतात, मग योकोझुनांचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पदाच्या पैलवानांचा विधी, आणि सहाच्या सुमारास सगळं संपतं. शेवटच्या तीन दिवसांत सकाळचा कार्यक्रम उशिरा सुरू होतो, ते लक्षात ठेवा.

योकोहामाहून सोपं आहे. केइहिन-तोहोकु लाईनने अकिहाबारा, तिथून सोबु लाईनची पिवळी लोकल, दुसरं स्टेशन ऱ्योगोकू. स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच.

मातीतला:
वरच्यांनी सगळं सांगितलंय. आबांच्या 'जवळून' बघण्यावर मात्र एक तोड आहे. दीड-दोनच्या सुमारास कोकुगिकानच्या दाराशी उभे राहा. वरच्या गटातले बरेच पैलवान तिथून चालत आत जातात. किमोनो घातलेले, तेल लावून केसांची गाठ बांधलेली. त्या तेलाला गोडसर वास असतो, माणूस यायच्या आधी तो येतो. हाताच्या अंतरावरून जातात, कुणी कान बघावे, कुणी मान बघावी. फक्त योकोझुना आणि त्यांच्या खालच्या पदाचे ओझेकी गाडीतून थेट आत जातात, त्यांची वाट बघू नका.

आबांना आधी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवा म्हणजे चिडणार नाहीत. वजनगट नाहीत. पाठ टेकवायची नसते: तळपायाशिवाय अंगाचं काहीही टेकलं किंवा रिंगणाबाहेर पाऊल पडलं की हरला. मीठ रिंगण शुद्ध करायला उधळतात, आणि वरच्या गटात भिडायच्या आधी चार मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. त्या चार मिनिटांत नजर बघायची असते, कुस्ती तिथेच निम्मी ठरते. हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. रिंगण प्रत्येक स्पर्धेआधी नव्याने बांधतात आणि त्याच्या पोटात तांदूळ, मीठ, सुकं समुद्री शेवाळ असं काहीबाही पुरून पूजा करतात. आपल्याकडे तालमीच्या हौद्यात हळद, ताक, लिंबू पडतं, तेव्हा हेही त्यांना पटेल.

कुस्तीआधी जाहिरातींचे झेंडे फिरतात, त्याची रोख पाकिटं जिंकणाऱ्याला तिथेच मिळतात. फक्त हलगी नाही.

शेंगदाणा_चटणी:
आईंच्या जेवणाबद्दल. जपानमध्ये भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी असं धरू नका. रस्सा, सॉस, भाजीचं पाणी, सगळ्याखाली सुक्या माशाचा अर्क असतो. कोकुगिकानची खासियत म्हणजे तळघरात भाजलेली कोंबडी, म्हणजे तुमच्याकडच्या निम्म्यांची चैन आणि आईंना उपास. दशम्या, भडंग, चटणी घरून न्या. ताजी फळं-भाज्या मात्र बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात. डबा आत जाण्याआधीच उरकलेला बरा. कोकुगिकानला लागूनच जुनी यासुदा बाग आहे, प्रवेश फुकट, तळ्याकाठी बसायची सोय.

निवांत:
चौकोन घ्या आणि पाचव्याला म्हशींकडे ठेवा. 😄

पूर्वेचा_वारा:
मुलीबद्दल राहिलं. ती विचारणारच, तेव्हा आधी सांगून ठेवा: रिंगणावर बाईला पाय ठेवू देत नाहीत. २०१८ मध्ये माइझुरु गावात महापौर भाषण करताना रिंगणावरच कोसळले. प्रथमोपचार करायला धावलेल्या बायकांना लाउडस्पीकरवरून खाली उतरायला सांगितलं. त्यात एक नर्सही होती. नंतर सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली, पण नियम तसाच आहे. मला स्वतःला तो अजिबात पटत नाही. प्रेक्षकांत मात्र बायका-मुली भरपूर असतात आणि ओरडतातही भरपूर. तिला परदेशी पैलवानांची नावं पाठ करायला लावा, मजा येईल. हाकुहो मंगोलियाचा, ४५ स्पर्धा जिंकून निवृत्त झाला. सध्याचा योकोझुना होशोर्यूही मंगोलियाचाच. युक्रेनहून आलेला आओनिशिकी आहे.

आणखी एक, योकोझुना हरला की लोक बसायच्या उशा रिंगणाकडे भिरकावतात. मनाई आहे, तरी होतं. तुम्ही खुर्चीवर, त्यामुळे तुमच्या हाती उशी नसेल हे बरंच.

धागाकर्ता:
मनापासून आभार सगळ्यांचे. आबांना वाचून दाखवलं. खुर्चीला होकार आलाय, पण 'पयल्या रांगेतली' असेल तरच. दाराशी उभं राहायची कल्पना त्यांना सगळ्यात जास्त आवडली, सकाळी आठलाच जायचं म्हणतायत. नवशिक्या पोरांच्या कुस्त्या त्यांना बघायच्याच आहेत, "पोरगं पडल्यावर कसं उठतंय ते बघायचं असतं." म्हणजे दिवसभराचं ठरलं. मधे एकदा बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं का?

मुलगी नियम ऐकून फणफणली. मग होशोर्यूचे व्हिडिओ काढून बसली. बाहेरून टांग मारलेली दिसली की आजोबांना हाक मारते.

शेवटचा प्रश्न, हसू नका. आबा म्हणतायत मैदानात जायचं तर फेटा बांधूनच जाणार. चालेल का?

पूर्वेचा_वारा:
एकदा बाहेर जाऊन परत येता येतं, दारावर विचारूनच बाहेर पडा.

फेटा बाहेर खुशाल बांधा, फोटो काढायला लोक थांबवतील. आत मात्र काढून मांडीवर ठेवायला सांगा. तिथे पुढे वाकून बसलं तरी मागचा माणूस नम्रपणे खांद्याला हात लावतो, मागच्या रांगेला दिसत नाही म्हणून. कोल्हापुरी फेट्यामागे त्याला काय दिसणार?

मातीतला:
फेटा हातात असलेला बरा. आवडीचा पैलवान जिंकला की हवेत उडवायला लागतोच.