जपानी लोकांना स्टेकिंग समजवायचं तर नुसते सबटायटल पुरत नाहीत

स्टेकिंग म्हणजे आपले क्रिप्टो कॉइन त्या नेटवर्कच्या कामाला लावून त्यावर रिवॉर्ड मिळवणं. हे जपानी लोकांना समजवायला "इंग्रजी व्हिडिओंना जपानी सबटायटल टाकले की झालं" असं एकाने म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. मी तोक्योत राहतो, ऑफिसातल्या दोघा जपानी लोकांना हेच समजवायला बसलो होतो. शब्दाची अडचण नव्हतीच, ते पण 'सुतेकिंगु'च म्हणतात. पहिला प्रश्न आला, कॉइन माझ्या हातातून जातात का? साहजिक आहे, २०१४ ला माउंट गॉक्स हे क्रिप्टो एक्सचेंज त्यांच्याच शहरात बुडालं आणि जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या दुसऱ्या एक्सचेंजमधून जवळपास ५८ अब्ज येनचे नेम (NEM) नावाचे कॉइन चोरीला गेले, दुधाने तोंड पोळलेली माणसं ती. मग मी कार्डानो या क्रिप्टो नेटवर्कचं वॉलेट उघडूनच दाखवलं, स्टेकिंगसाठी एखाद्या पूलकडे डेलिगेट केलं, म्हणजे नुसते त्याच्या नावे लावले, तरी एडीए (कार्डानोचे कॉइन) आपल्याच वॉलेटमध्ये राहतात, लॉक होत नाहीत, ५ दिवसांचा एक इपॉक (हिशेबाची फेरी), आणि पूलवाल्याला आपल्या कॉइनना हात लावता येत नाही. तेव्हा कुठे चेहरे जरा सैल झाले. इथेरियमचं मात्र वेगळं, स्वतःचा व्हॅलिडेटर (व्यवहार तपासणारा कॉम्प्युटर) चालवायचा तर किमान ३२ इथर (इथेरियमचे कॉइन) अडकवावे लागतात आणि गडबड केली तर स्लॅशिंग, म्हणजे दंड म्हणून त्यातले काही कापले जातात, हे लपवू नका.

आणि टॅक्स! इकडे जपानमध्ये रिवॉर्ड मिळाला त्या वेळच्या येनमधल्या भावाने उत्पन्न धरतात, त्यामुळे तारीख आणि भाव लिहायची एक्सेल शीट आधी द्या. एकाने तर मी बोलेपर्यंत रकाने आखून पण टाकले होते. किती टक्के मिळतात हे त्यांनी शेवटी विचारलं, ते पण निघता निघता.