माजावरील कुत्रीचा रक्तस्राव फिका पडल्यावर तिला बाहेर नेता येते का?

प्रश्न : आमची लॅब्राडोर माजावर आली असून आता तिचा स्राव फिका पडला आहे. सोसायटीच्या आवारात भटके कुत्रे असतात. तिला पूर्ववत फिरायला नेण्यास हरकत नाही ना? नसबंदी आताच करून घ्यावी का?

उत्तर १ : हरकत आहे, कारण खरा धोका आताच सुरू होतो. सुरुवातीचे साधारण ९ दिवस स्राव लालसर असतो आणि कुत्री नराला जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव गव्हाळ, पातळ होतो, ती शेपटी बाजूला घेऊन उभी राहू लागते आणि गर्भधारणा होते ती याच काळात. एकूण ३ ते ४ आठवडे तिला आखूड पट्ट्यावरच न्यावे, गच्चीत किंवा अंगणात एकटी सोडू नये. बाजारातील डायपर घर स्वच्छ ठेवतो, समागम रोखत नाही.

उत्तर २ : माजाच्या दिवसांत गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने पशुवैद्य बहुधा माज संपल्यावर २ ते ३ महिन्यांनी शस्त्रक्रिया सुचवतात. माज टाळण्याची इंजेक्शने मात्र मी तरी सुचवणार नाही, कारण त्यांतील संप्रेरकांमुळे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

उत्तर ३ : तो आजार नैसर्गिक माजानंतरही काही आठवड्यांत उद्भवू शकतो. कुत्री फार पाणी पिऊ लागली, जेवेनाशी झाली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.