घुरघुर म्हणजे खुशीच असं नाही
मांजर घुरघुरलं म्हणजे खूश, असं कुणीतरी लिहिलंय. बरेचदा खरं, पण दुखत असलं, घाबरलं असलं, अगदी पिल्लं होतानाही मांजर घुरघुरतं. आमचा बोका मागच्या नवतपात (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) कूलरसमोरची हक्काची जागा सोडून मोरीत जाऊन बसला. हात लावला की घुरघुर चालू, म्हणून आम्ही निवांत! कान मात्र आडवे पडलेले, पाय पोटाखाली घट्ट दुमडलेले, दुधाच्या साईकडेही बघेना. डॉक्टरांनी केस बाजूला करून शेपटीच्या बुडाशी चावा दाखवला. आत पू, ताप १०४. मांजराला १०२ पर्यंत साधारण असतं.

आणि उन्हाळ्यात ते कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर 'गरम होऊन राहिलं बिचाऱ्याला' म्हणून सोडू नका. थंड जागी न्या, अंग ओलं करा, लगेच डॉक्टर गाठा.