वकिलाच्या फीचा हुकूमनामा: पैसे न भरता स्थगिती मिळावी का?

पक्षकारांची बाजू
प्रकार असा. वकिलाने जुन्या पक्षकारावर फीवसुलीचा दावा लावला आणि दिवाणी न्यायालयाने ४,८०,००० रुपये व ६ टक्के व्याजाचा हुकूमनामा दिला. पक्षकाराचं म्हणणं, एवढी फी ठरलीच नव्हती. लेखी करार नाही, रोख दिलेल्या पैशांच्या पावत्या नाहीत. त्याने जिल्हा न्यायालयात अपील केलंय, इकडे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी वकिलाची दरखास्त चालू आहे.

माझं मत स्पष्ट आहे. फीच्या वादात अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबवावी आणि त्यासाठी रक्कम भरायची अट घालू नये. फाइल, हिशेब, पत्रव्यवहार सगळं वकिलाच्या हातात असतं. कायद्याची भाषा त्याची, कोर्टातली ओळखही त्याचीच. अशा माणसासमोर हरलेल्याला आधी पावणेपाच लाख भरा म्हणायचं, तर अपिलाचा हक्क कागदावरच राहतो.

दरखास्तवाला
पूर्ण असहमत. पैशाचा प्रत्येकच हुकूमनामा हरणाऱ्याला मान्य नसतो. फीचा वाद म्हणून वेगळी वागणूक कुठल्या तरतुदीत आहे?

दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ४१ रूल १(३) आहे: पैशाच्या हुकूमनाम्यावर अपील असेल तर न्यायालय देईल त्या मुदतीत वादातली रक्कम भरा किंवा तारण द्या. रूल ५(५) पुढे सांगतो की हे केलं नाही तर स्थगिती देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सिहोर नगरपालिकेच्या प्रकरणात हेच मांडलं: पैशाच्या हुकूमनाम्याला सहसा स्थगिती देत नाहीत, कारण अपील जिंकलं तर पैसे परत मिळवता येतात. कलम १४४ त्यासाठीच आहे.

आणि पगारदार माणूस लगेच रस्त्यावर येत नाही. कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर असतात. जप्तीसाठी धरायचा पगार ४०,००० असेल तर महिन्याला जास्तीत जास्त १३,००० जातात. वकिलाने काम केलंय, न्यायालयाने पुरावा तपासलाय. त्याने किती वर्षं थांबायचं?

मधला मार्ग
दोघांनीही अर्धंच सांगितलंय. २००५ च्या त्याच निकालात हेही आहे की रक्कम भरायला लावायची की तारण घ्यायचं, हा न्यायालयाचा विवेक. म्हणजे ‘रोखच भरा’ असा नियम नाही. बँक गॅरंटी चालते, स्थावराचं तारण चालतं, ऐपतदार जामीनही चालतो.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एका ट्रेडमार्कच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिनशर्त स्थगिती कायम ठेवली. हुकूमनामा उघडउघड विकृत किंवा वरवर पाहताही बेकायदा असेल, तर रक्कम न भरता स्थगिती देता येते. पण अपवाद म्हणून.

मग फीच्या वादात हा अपवाद कधी बसेल? ‘फी जास्त लावली’ एवढ्याने नाही. पण मिळणाऱ्या भरपाईच्या अमुक टक्के फी, असा करार असेल तर बसू शकतो. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियम २० ची बंदी आहे. २०१७ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी टक्केवारीची फी बेकायदा ठरवून तिच्यापोटी घेतलेल्या चेकवरचा फौजदारी खटलाच रद्द केला. हुकूमनामा अशा करारावर उभा असेल तर अपिलाच्या मेमोत पहिला मुद्दा तोच घ्या आणि स्थगितीच्या अर्जातही तोच पुढे ठेवा.

पक्षकारांची बाजू
टक्केवारीचा करार कुणी लिहून देतं का? तोंडीच ठरतं. त्यामुळे तुमचा अपवाद बहुतेकांच्या कामाचा नाही.

नक्कल विभाग
तत्त्वाचा वाद चालू द्या, पण स्थगिती बहुतेकदा हातची जाते ती प्रक्रियेत. नेमकं कुठे चुकतं ते सांगतो.

अपील दाखल झालं म्हणजे वसुली थांबली, हा सगळ्यात मोठा गैरसमज. रूल ५(१) नेमकं उलट सांगतो. स्थगितीसाठी वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात: मोठं नुकसान होईल, अर्जाला विनाकारण उशीर केलेला नाही आणि तारण द्यायची तयारी आहे. तिसरी गाळली की अर्ज तिथेच लंगडा पडतो.

अपिलाची मुदत ३० दिवस. नकलेचा (निकालाच्या प्रमाणित प्रतीचा) अर्ज निकालाच्या दिवशीच द्या, नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज लागतो आणि रूल ३-अ प्रमाणे न्यायालय अपील ऐकायचं ठरवेपर्यंत स्थगिती मिळत नाही. त्या काळात बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात उभा राहू शकतो.

समोरच्याने कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, लावलंय का ते आधी बघा. ते ९० दिवस चालतं, तेवढ्या काळात त्याला नोटीस दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

आता स्थगिती मिळाली असं धरा. ती खालच्या न्यायालयाला कळल्यापासून लागू होते. हुकूम पोचायला वेळ लागणार असेल तर अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवर प्रतिज्ञापत्र करून दरखास्तीच्या न्यायालयात दाखल करावं. रूल ५ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे वरचा हुकूम हाती येईपर्यंत त्या न्यायालयाला त्यावर थांबावंच लागतं. बेलिफाला तोंडी सांगून काही होत नाही. आणि बँक खातं आधीच जप्त झालं असेल तर नुसत्या स्थगितीने ते सुटत नाही. जप्ती उठवण्याची मागणी अर्जात स्वतंत्रपणे लिहा.

बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ ची (वकिलाच्या गैरवर्तनाची) तक्रार केली म्हणूनही दरखास्त थांबत नाही. दरखास्त चालवणारं न्यायालय फी वाजवी होती का ते तपासत नाही, ते हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. दरखास्त थांबवायला ऑर्डर २१ रूल २९ चा आधार घ्यायचा तर त्याच न्यायालयात वकिलावर तुमचा दावा प्रलंबित असायला हवा.

दरखास्तवाला
प्रक्रियेबाबत सहमत. पण बिनशर्त स्थगितीचा एक परिणाम कुणी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपायची. २९ फेब्रुवारी २०२४ ला घटनापीठाने ते रद्द केलं. म्हणजे आता मिळालेली स्थगिती अपील संपेपर्यंत राहू शकते. हातात काहीच तारण नसेल तर तोवर पक्षकार मालमत्ता विकून मोकळा.

मधला मार्ग
आणि पक्षकाराने रोख भरली तरी त्याचं नुकसान आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितलंय की स्थगितीसाठी भरलेली रक्कम म्हणजे हुकूमनाम्याची फेड नव्हे. ४,८०,००० वर ६ टक्क्यांनी महिन्याला २,४०० रुपये व्याज चढतच राहतं, आणि पैसे कोर्टात नुसते पडून. म्हणून भरतानाच अर्ज द्या की रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी. वकिलालाही पैसे आत्ता हवे असतील तर परतफेडीचं तारण देऊन उचलायची परवानगी मागता येते.

पक्षकारांची बाजू
मुदत ठेव मान्य. पण वकिलाने उचलली तर अपील जिंकल्यावर कलम १४४ खाली पुन्हा त्याच्याच मागे धावायचं. निम्मी रोख, निम्म्याचं स्थावर तारण आणि उचलायला मनाई, यापेक्षा कडक अट फीच्या वादात नको.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवलंय. अपिलाला कागद हवेत म्हणून आज स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा. दिली नाहीत तर त्या पत्राची पोच स्थगितीच्या अर्जाला जोडा.

दरखास्तवाला
निम्मी रोख आणि निम्म्याचं तारण, इथपर्यंत मी येतो. उचलायला सरसकट मनाई मात्र मान्य नाही. बँक गॅरंटी देणाऱ्या वकिलाचे पैसे का अडवायचे?