मदत हवी आहे: लोअर अर्लीतलं शांत घर, काढलेली एक भिंत आणि वारज्याचा फ्लॅट

वाफाळता_चहा

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आम्ही दोघं सहा वर्षं इंग्लंडात, लंडनच्या पश्चिमेला रेडिंग स्टेशनजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतोय. आता साडेतीन वर्षांची लेकही आहे. खिडकीखाली रात्री दोनपर्यंत टॅक्स्या, शुक्रवारी पबातून गात निघालेली मंडळी. वैताग आला, म्हणून रेडिंगला लागून असलेल्या लोअर अर्लीत घरं बघायला सुरुवात केली. १९८२ चं तीन बेडरूमचं सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक), फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं), बंद गल्लीच्या टोकाला. पावणेपाच लाख पौंडांची ऑफर मान्य झाली आहे. सर्व्हे झालाय, एक्स्चेंज, म्हणजे बांधून टाकणारा करार, व्हायचंय.

अडचणी तीन.

पहिली बायकोची. मंगळवारी दुपारी अडीचला घर बघायला गेलो, तर वीस मिनिटांत गल्लीत एक माणूस दिसला नाही. एक मांजर दिसलं, तेही आम्हाला बघून वळलं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "इथं मी ओरडले तरी कुणी पडदा सरकवणार नाही." मी म्हटलं, पडदे सगळे सरकतील, दार कुणी उघडणार नाही. विनोद अंगाशी आला. ती आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. शिवाय आई-बाबा उन्हाळ्यात येतात, आणि पुण्यात वारज्याला आईचा दिवस खाली उतरून भाजीवाल्याशी भांडण्यापासून सुरू होतो.

दुसरी सर्व्हेची. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत आधीच्या मालकानं पाडली आहे, तिचं बिल्डिंग रेग्युलेशन्सचं प्रमाणपत्र नाही. विकणारे म्हणतात, इन्डेम्निटी इन्शुरन्स (कौन्सिलनं कारवाई केली तर खर्च देणारा विमा) काढून देतो. छताला आर्टेक्सचे (खडबडीत नक्षीच्या जुन्या लेपाचे) ठिपके आहेत, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो असंही लिहिलंय.

तिसरी किरकोळ. सॉलिसिटरच्या फॉर्मवर विचारलंय, जगात कुठेही घर आहे किंवा होतं का. वारज्यात २०१६ साली बाबांनी टू-बीएचके घेतला, त्यात कर्जासाठी माझं नाव अर्ध्या हिश्श्यानं आहे. कर्ज फिटलं, आई-बाबा तिथेच राहतात. मी "नाही"वर खूण करणार होतो, बायकोनं हात धरला. ते इथं मोजतात का? एजंटच्या कॅल्क्युलेटरवर फर्स्ट टाइम बायर म्हणून स्टॅम्प ड्यूटी ८,७५० आली होती, तेवढेच बाजूला ठेवलेत.

अर्लीकर_जुना

अभिनंदन. बारा वर्षं लोअर अर्लीत आहे, म्हणून शांततेबद्दल बोलायचा हक्क घेतो.

दुपारी जाऊन काही कळत नाही. आपल्या वस्तीच्या दक्षिणेला लोअर अर्ली वे आणि त्याला लागून एम-४ मोटरवे. इंग्लंडात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा. तसा वारा असेल त्या दिवशी मागच्या अंगणात उभे राहा, अखंड घोंघावणं ऐकू येतं. घर उत्तरेकडे असेल तर नाही जाणवणार. अर्थात तुम्ही वारज्याचे, हायवेच्या आवाजावर पोसलेले. झोप छान लागेल.

पुढच्या हिरवळीला कुंपण घालायचा विचार असेल तर आधी टायटल रजिस्टरमधल्या (मालकीच्या नोंदीतल्या) कॉव्हेनंट्स, म्हणजे घराला बांधलेल्या अटी, वाचा. आमच्या घराच्या करारात पुढे कुंपण नाही आणि दारात कॅरॅव्हॅन नाही, अशा दोन अटी आहेत. लेक धावरी असेल तर हे आधी माहीत हवं.

आणि पत्ता रेडिंगचा लिहीत असलात तरी कौन्सिल वोकिंगहॅम बरो. रिसेप्शनच्या (शाळेच्या पहिल्या वर्गाच्या) प्रवेशाचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत, आणि तो तुम्ही त्या वेळी जिथे राहता त्या कौन्सिलकडे.

दगडी_पाटा

थांबा थांबा. तिसरी गोष्ट किरकोळ नाही. बाकी दोन किरकोळ आहेत.

इथल्या कायद्यात फर्स्ट टाइम बायर म्हणजे ज्याच्या मालकीचं जगात कुठेही, कधीही राहण्याजोगं घर नव्हतं असा माणूस, मग तो त्यात राहत असो वा नसो. अर्धा हिस्साही चालत नाही, वारसानं आलेलाही चालत नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघंही तसे हवेत. म्हणजे ८,७५० विसरा.

पुढे वाईट आहे. खरेदी पूर्ण होईल त्या दिवसाअखेर तुमच्या नावावर दुसरं घर असेल, तर सगळ्या किमतीवर ५ टक्के जादा. ३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत हे ३ टक्के होतं. ४०,००० पौंडांहून कमी किमतीचा हिस्सा मोजत नाहीत, पण आजच्या भावानं वारज्यातला अर्धा टू-बीएचके त्याच्या वर गेला तर सुटका नाही. हिशेब असा: पहिल्या सव्वा लाखावर शून्य, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्के म्हणजे २,५००, उरलेल्या सव्वादोन लाखांवर ५ टक्के म्हणजे ११,२५०. झाले १३,७५०. त्यावर जादाचे २३,७५०. एकूण ३७,५००.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतो म्हणाल, तर जादा कराच्या बाबतीत नवरा-बायको एकच धरतात.

आणि कृपया "नाही"वर खूण करू नका. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

वाफाळता_चहा

हात थरथरतायत. २८,७५० पौंडांचा फरक! दगडी_पाटा, पैसे सगळे बाबांचे, माझं नुसतं नाव आहे. हे सांगता येत नाही का?

दगडी_पाटा

सांगता येईल, पण सिद्ध करावं लागेल. एक विचारतो, रागावू नका. भारतात नोकरी करत होता तेव्हा त्या गृहकर्जावर आयकरात सवलत घेतली होतीत का?

वाफाळता_चहा

दोन वर्षं घेतली होती.

दगडी_पाटा

मग तेव्हा मालक आणि आता नुसतं नाव, हे अवघड जाईल. तरी यावर कन्व्हेयन्सरचं (खरेदीचे कागद करणाऱ्या वकिलाचं) मत घेऊ नका, ते बहुतेक हात झटकतात. स्टॅम्प ड्यूटीचं काम करणारा कर सल्लागार गाठा.

दुसरा रस्ता, कम्प्लिशनच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) आधी हिस्सा बाबांच्या नावावर करून मोकळं व्हायचं. मग जादाचे २३,७५० वाचतात, १३,७५० राहतात. फर्स्ट टाइम बायरचा शिक्का मात्र गेला तो गेला. त्यानंतर बायकोनं एकटीनं घेतलं आणि तिच्या नावावर कधीच काही नव्हतं, तर ८,७५० सुद्धा होतील, पण मग कर्ज तिच्या एकटीच्या पगारावर. बँका वर्षाच्या पगाराच्या साधारण साडेचार पट देतात, तुम्हीच गुणाकार करा.

महाराष्ट्रात २०० रुपयांत बक्षीसपत्र होतं असं कुणीतरी सांगेलच. ती सवलत बापानं मुलाला दिलं तर. मुलानं बापाला दिलं तर मुद्रांक शुल्क टक्क्यांत लागतं. पुण्यातल्या वकिलाकडून आकडा काढून घ्या.

लोखंडी_तवा

भिंतीबद्दल, कारण मी याच खड्ड्यात पडलो होतो. सगळ्यात आधी: वोकिंगहॅम कौन्सिलला फोन करून "या भिंतीची परवानगी होती का हो" असं विचारू नका. विचारलंत की इन्डेम्निटी पॉलिसी मिळणं बंद. आमच्या उत्साही मेव्हण्यानं आमच्या वतीनं फोन केला होता. असो.

पण ती पॉलिसी कौन्सिलनं कारवाई केली तर त्या खर्चापुरती. वरचा मजला खाली येत असेल तर तिचा उपयोग नाही. भार पेलणारी भिंत होती का, वर पोलादी तुळई घातली आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. विकणाऱ्याच्या परवानगीनं प्लास्टरचा चौकोनी तुकडा काढून बघतात. तुळई असेल तर पॉलिसी घेऊन पुढे जा. नसेल तर किंमत पाडा.

आर्टेक्सचं घाबरू नका. त्या काळातल्या निम्म्या इंग्लंडच्या डोक्यावर ते आहे. खरवडायचं नाही, भोकं पाडायची नाहीत, नमुना तपासून घ्यायचा आणि वरून प्लास्टर करायचं. गॅरेजचं छप्पर सिमेंटच्या नालीदार पत्र्याचं असेल तर तेही त्याच तपासणीत घाला.

पारिजातक

वहिनींसाठी लिहितेय. पुरुष मंडळी वाऱ्याची दिशा सांगतायत, घरून काम करणाऱ्या बाईचा दिवस कुणी सांगत नाहीये.

पहिला हिवाळा वाईट गेला. चारला अंधार, खिडकीतून समोरच्या घराची बिनं (कचऱ्याचे डबे) तेवढी दिसायची. मी कुणाच्या घरी जायचं तर आधी मेसेज करायचा हे शिकायलाच वर्ष घेतलं. ओळखी झाल्या त्या शेजारी म्हणून नाही, मुलाच्या नर्सरीच्या फाटकावर. शेजारच्या आजोबांशी पहिलं खरं संभाषण आमची बिनं चुकीच्या रंगाच्या दिवशी बाहेर होती म्हणून झालं. ते अजून दर बुधवारी रात्री खूण करून रंग सांगतात.

तुमच्या आईंचं मात्र मनावर घ्या. त्या गाडी चालवत नसतील तर घरापासून बसथांबा आणि दुकान पायी किती, हे मोजा, आणि त्यांच्या चालीनं मोजा. २१ नंबरची बस रेडिंगला जाते. तिच्या मार्गापासून घर पाच मिनिटांवर असेल तर त्या स्वतः फिरतील. पंधरा मिनिटांवर असेल तर सहा महिने सोफ्यावर बसून "कधी येतोस रे" विचारतील. माझ्या सासूबाईंनी विचारलं.

वाफाळता_चहा

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांनी लिहितोय.

फॉर्मवर "हो" लिहिलं. कर सल्लागाराची वेळ गुरुवारची मिळाली आहे. इंजिनिअरला विकणाऱ्यांनी होकार दिलाय, थोडं तोंड वाकडं करून.

बाबांशी बोललो. नाव काढायचं म्हटल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "काढ. तसंही मेंटेनन्सचं बिल माझ्याच नावानं येतं." नंतर आईनं वेगळा फोन करून विचारलं, की ताईशी काही बोलणं झालंय का. झालं नव्हतं, आता करावं लागेल. हा धागा वेगळा काढायला हवा.

शनिवारी रात्री नऊला आणि रविवारी सकाळी पुन्हा त्या गल्लीत जाऊन उभे राहणार आहोत. घर ते बसथांबा मी आईच्या चालीनं चाललो, नऊ मिनिटं लागली. पारिजातक, नऊ म्हणजे कुठल्या बाजूला धरायचं?

आता शेवटचं. मला पुण्याला जाता येणार नाही, बाबांच्या बाजूनं नोंदणी करायची तर माझ्या वतीनं कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिथे मुद्रांकित करावं लागतं एवढं वाचलं. इथून कुणी नुकतंच पाठवलं असेल, तर साक्षांकनापासून पुण्यात नोंदणी होईपर्यंत किती आठवडे लागले? विकणाऱ्यांची पुढची साखळी (एकमेकांवर अडलेल्या घरखरेद्यांची) लांब आहे, आणि एजंट दर दोन दिवसांनी फोन करतोय.