मदत हवी आहे: १५९७ लिहू की १५९८?

नमस्कार मंडळी, आम्ही तिघंचौघं मिळून मराठी विकिपीडियावर क्रिकेटच्या सुरुवातीच्या इतिहासाचे लेख नीट करतोय आणि एका तारखेवर गाडी अडलीये. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या कोर्टात एका जमिनीच्या वादात जॉन डेरिक नावाच्या माणसाने साक्ष दिली होती की शाळेत असताना आम्ही त्या जागेवर क्रिकेट खेळायचो, या खेळाचा हाच सगळ्यात जुना पक्का पुरावा मानतात. कागदावर तारीख १७ जानेवारी १५९७ आहे पण तेव्हा तिकडे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं (१ जानेवारी आला तो १७५२ पासून), म्हणजे आजच्या हिशेबाने ते १५९८ झालं. एकजण १५९७ लिहितो, दुसरा १५९८ करतो, आणि दोघंही चूक नाहीत हीच तर अडचण! १५९७/९८ लिहिलं तर क्रिकेटवाल्यांना तो सीझन वाटणार. माझं मत १५९८ लिहून खाली तळटीप द्यावी, तुम्ही इतिहासाच्या लेखांत काय करता?

आणि हो, पूर्वी धावांना ‘नॉच’ म्हणायचे, काठीवर खाचा पाडून मोजायचे म्हणून. लेखात ‘खाच’ लिहिलं तर कळेल का?