चेक-इन बॅगेतून पिस्तूल नेताना (अमेरिका)

ह्यूस्टनकर: स्पर्धेसाठी ह्यूस्टनहून पिट्सबर्गला ९ मिमीचं पिस्तूल न्यायचंय. नेवार्कला विमान बदलायचंय. केस, कुलूप, काडतुसं यांचं नेमकं कसं करायचं?

अवधूत: टणक कवचाची केस घ्या आणि कुलपाच्या जितक्या जागा असतील तितकी कुलपं लावा. बंद केसचा कोपरा बोटांनी ओढून बघा. फटीतून आत हात जात असेल तर ती केस बाद. एकच कुलूप लावलं की हे हमखास होतं. चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा) रिकामं, मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) काढलेलं, किल्ली तुमच्याकडेच. काउंटरवर ‘अनलोडेड फायरआर्म डिक्लेअर करायचंय’ एवढंच शांतपणे सांगा. तपासणी होईपर्यंत हलू नका. केस उघडायला तुम्ही सापडला नाहीत तर बॅग मागे राहू शकते.

मीनल: काडतुसं मूळ खोक्यात, त्याच केसमध्ये चालतात. बहुतेक कंपन्यांची मर्यादा ११ पौंड. सुटी काडतुसं पिशवीत टाकू नका. केबिन बॅग नेमबाजीच्या रेंजवर नेत असाल तर कप्पे उलटे करून झटका, तळाशी एखादं काडतूस अडकलेलं असतं. रिकामं मॅगझिनही केबिनमध्ये चालत नाही, बंदुकीवर बसवायची दुर्बीण (स्कोप) चालते.

अवधूत: नेवार्क मात्र टाळाच! ते न्यू जर्सीत आहे, आणि तिथले बंदुकीचे कायदे कडक आहेत. पुढचं विमान चुकलं आणि बॅग हातात द्यायला लागले तर घेऊ नका. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक नेणाऱ्याला १९८६च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण ते पिस्तूल हाताशी नसेल तोवरच. तिथे बॅग घेऊन हॉटेलात रात्र काढलेल्या प्रवाशाला अटक झाली होती, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयानेही त्याचा दावा फेटाळला. थेट विमान बघा.